आबांची अडीच फुटी

आबा, तुम्हाला जाऊन बावीस दिवस झाले आणि मी आपली टेबलावरची छोटी गाडी प्रदर्शनात नेली. दुसऱ्या कुणी तुमच्या कानावर घालण्याआधी मीच सांगते. विचारून नेली नाही. भाऊंनी, माझ्या थोरल्या दिरांनी, नको म्हटलं होतं, तुम्हीही नको म्हणून गेला होतात, तरी नेली.

तुमचं वाक्य माझ्या लक्षात आहे. होळीनंतर एकदा पुलाचे खांब रंगवताना तुम्ही ब्रश खाली ठेवून म्हणाला होतात, "मी गऊ का हाई मोडी टाकजो." तुम्ही गेलात की हे मोडायचं म्हणे. मी हसण्यावारी नेलं, तर तुम्ही रागावलात. ज्या रुळांवरून रोज कुणी पायी चालत नाही ते रूळ ठेवायचे नसतात, असं तुमचं म्हणणं. मुकादम होतात तुम्ही. पाचोरा-जामनेर लाईनवर उभी हयात काढलीत, रोज सकाळी हातोडी घेऊन आपल्या हद्दीतला एकेक जोड ठोकून पाहिलात. देखभाल नसलेली लाईन तुम्हाला उघड्या विहिरीसारखी वाटायची. मला ते कळत होतं. फक्त तुमच्यामागे देखभाल करायला कुणी नसेल हे तुम्ही कसं ठरवलंत, ते मला कळलं नाही. मी समोरच बसले होते, आबा. हातात दुसरा ब्रश होता.

मला तुमचा राग आला होता. आजही आहे. पण ज्या माणसाने माझ्या हातात पुन्हा सोल्डरिंगची मशीन दिली त्याच्यावर किती रागवायचं, हाही प्रश्न आहे.

लग्नाआधी दोन वर्षं मी सोनगीरहून रोज एसटीने धुळ्याला जाऊन आयटीआय केलं. वायरमन ट्रेड, वर्गात आम्ही दोघीच मुली. लग्न होऊन जळगावला आले, मेहरूणच्या या घरात, आणि ते सर्टिफिकेट सुटकेसमध्ये साड्यांच्या खाली गेलं. कुणी मुद्दाम दडपलं नाही. कुणी विचारलं नाही, एवढंच. सासूबाई गेल्यावर तुम्ही पाचोऱ्याची खोली सोडून आमच्याकडे आलात. तुमचा टेबल फॅन बंद पडला, तो मी दुपारी उघडून दुरुस्त केला. तुम्ही स्टुलावर बसून बघत होतात. कुठे शिकलीस, विचारलंत. मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी बाजारातून भाजीच्या पिशवीत मेथीखाली सोल्डरिंगची मशीन आणलीत आणि म्हणालात, "माले एक काम शे, उजू. पण ते एकट्यानं व्हवाव नही."

काम म्हणजे तुमची लाईन. ती बंद झाल्यापासून तुम्ही तिचं नाव काढत नव्हतात. त्या दिवशी मात्र जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर सगळा नकाशा काढून दाखवलात. वरखेडीकडचं वळण, नाल्यावरचा पूल, एक छोटं स्टेशन. खऱ्या रुळांमधलं अंतर अडीच फूट, म्हणून आपल्या रुळांमधलं एक इंच. तीसपट लहान. तेवढं एक माप ठरलं आणि मग तुम्ही त्यात कसूर होऊ दिली नाही. सागाच्या जुन्या खिडकीतून रुळांखालचे चारशेवर स्लीपर कापलेत, प्रत्येक घासून. पितळी पट्टीचे रूळ. शेजारच्या बांधकामावरची खडी खलबत्त्यात फोडून चहाच्या गाळणीने चाळलीत. त्यानंतर आपल्याकडे नवीन गाळणी आली, आणि तीही तुम्ही नेलीत.

इंजिन मी केलं. जुन्या डीव्हीडी प्लेअरची मोटर चालेना, मग गिअरची मोटर मागवली. पत्र्याचं अंग, टायरच्या दुकानातून आणलेल्या शिशाच्या पट्ट्या वजनाला, वेग कमीजास्त करायला एक बटण. पहिल्यांदा गाडी हलली तेव्हा मी हौसेने बटण पुढे फिरवलं आणि डबे धडधडत सुटले. तुम्ही माझा हात धरून बटण मागे आणलंत.

"ती पोचाले निंघेल शे, पळाले नही."

एका फेरीला एक मिनिट. त्याहून कमी वेळ तुम्ही कधी लागू दिला नाहीत.

धुळ्याचं प्रदर्शन आठवतं ना? छंद जोपासणाऱ्यांचं होतं. एका बाजूला काडेपेट्यांचे ताजमहाल, दुसऱ्या बाजूला पोस्टाची तिकिटं, मध्ये आपण. त्या वेळी टेबल चार फूट रुंद होतं, त्यामुळे वळण फार आवळलेलं. पहिल्या तासात इंजिन तीनदा घसरलं. गर्दीतला एक जण म्हणाला की खरी गाडीपण अशीच होती, आणि सगळे हसले. तुम्ही हसला नाहीत. तुमच्या हद्दीत एकदाही गाडी घसरली नव्हती, हे त्या माणसाला सांगायला तुम्ही त्याच्या मागे दारापर्यंत गेलात. मी टेबलाशी उभी राहून इंजिन परत रुळांवर चढवत होते.

तिथे एक पाटी होती. आयोजकांनी लिहिलेली. 'निर्मिती: नामदेव मुकादम. सहकार्य: सूनबाई.'

आबा, त्या पाटीबद्दल मी तुमच्याशी कधी बोलले नाही. दोन दिवस ती माझ्या डोळ्यांसमोर होती. लोक ती वाचून तुम्हाला प्रश्न विचारत. मोटर किती व्होल्टची, हेही तुम्हाला. तुम्ही मला हाक मारायचात, मी उत्तर द्यायचे, आणि तो माणूस तुमच्याकडे बघून मान डोलवायचा. मला नाव नव्हतं, सूनबाई होतं. मला वाटत होतं की तुम्ही खिशातलं पेन काढून ते बदलाल. तुमच्या खिशाला पेन होतं. तुमचं लक्षच गेलं नसेल असं मी परतीच्या बसमध्ये स्वतःला समजावलं. पण स्लीपरचा केसाएवढा तिरपेपणा दिसणारे तुमचे डोळे. आता हे तुम्हाला सांगून काय उपयोग, असं कुणी म्हणेल. मला उपयोग आहे. मनात ठेवून तुमच्यासाठी रडायचं मला जमणार नाही.

घरी आल्यावर मात्र तुम्ही जे केलंत ते दुसऱ्या कुणी केलं नसतं. सगळ्या नातेवाइकांनी कौतुक केलं, पेपरात फोटो आला, आणि तुम्ही तिसऱ्या दिवशी पकड घेऊन पूर्ण वळण उपटलंत. "बठ्ठं उखाडनं पडी," एवढंच बोललात. सहा महिन्यांचं काम दोन तासांत ढीग होऊन पडलं. टेबल दोन फुटांनी रुंद करायचं म्हणून हॉलमधला दिवाण व्हरांड्यात गेला. ह्यांची कंपनीत रात्रपाळी, दिवसा झोपायला तोच दिवाण, तर ते उन्हात झोपायला लागले आणि एका शब्दाने तक्रार केली नाही. आपण पुठ्ठ्याचे साचे कापून वळण सैल केलं. बाहेरचा रूळ पोस्टकार्डाच्या जाडीएवढा उंच घेतलात. डबा त्यावरून जाताना आतल्या बाजूला किंचित कलायचा, तेव्हा तुम्ही तोंडावर हात ठेवून बघत राहायचात. मला वाटतं, त्या महिन्यांत मी आयुष्यात सर्वांत जास्त काही शिकले. आयटीआयपेक्षाही.

आणि भांडलोही त्याच महिन्यांत. तुम्हाला स्टेशनावर माणसं नको होती. मी तारेवर पुट्टी चढवून बोटभर उंचीची दोन माणसं केली, तुम्ही ती उचलून खिडकीत ठेवलीत. "गाडी उनी तरी मानूस हालत नही, तर तो मरेल दिसस." मी म्हटलं, माणसांशिवाय स्टेशन कसलं, ही गाडी कुणासाठी होती? तुम्ही म्हणालात की गाडीची जबाबदारी आपली, माणसं आपापली चढतात. हे भांडण मिटलं नाही.

दुसरंही नाही. जळगावच्या प्रदर्शनाचा अर्ज भरला आणि वैशाखात इंजिन पुन्हा उडायला लागलं. वळणावर नाही, वळण संपून पूल लागण्याआधी, एकाच जागी. दहा फेऱ्यांत एकदा. तुम्ही म्हणायचात चाकं वाकडी आहेत, मी म्हणायचे रूळ बसलाय. माझं काम तुम्हाला खोटं वाटावं, हे मला लागायचं. तुम्हालाही तेच लागत असणार.

त्या सकाळीही तेच. तुम्ही खुर्चीवरून सांगत होतात की चाक काढून बघ, मी म्हटलं आठवड्यात तीनदा काढलंय, एकदा तुम्ही तुमचा रूळ काढून बघा. आवाज चढला होता माझा. मी स्वयंपाकघरात गेले, तवा ठेवला, पहिली भाकरी थापली. परत आले तेव्हा तुमची मान छातीवर होती आणि चष्मा मांडीवर पडला होता. मी तुम्हाला हाका मारल्या. मग ह्यांना उठवलं. डॉक्टर म्हणाले की दोन मिनिटांचाही खेळ नसावा.

माझं शेवटचं वाक्य तुमच्या रुळाबद्दल होतं. ते मी बदलू शकत नाही. माफी मागावी असंही मनापासून वाटत नाही, कारण तुम्ही असतात तर दुसऱ्या दिवशी आपण पुन्हा तेवढ्याच आवाजात भांडलो असतो. तुम्ही मला भांडू देत होतात. घरात दुसऱ्या कुणाशी मी तशी भांडत नाही.

तेराव्याला भाऊ सगळ्यांसमोर म्हणाले की आता ते टेबल काढा. तुमचे थोरले चिरंजीव, धुळ्याला नोकरी, बोलतात कमी आणि बोलले की संपलं. वर्षभर कसली हौस करायची नाही, म्हणाले, सासरा गेला आणि सून खेळणं मिरवते असं लोकांनी म्हणायला नको. मी म्हटलं, खेळणं नाही. मग त्यांनी तुमचंच वाक्य काढलं, आबांनी मोडायला सांगितलं होतं. मी नाही म्हटलं. ह्यांनी पानावरून मान वर केली नाही.

नंतर भाऊ मला व्हरांड्यात गाठून हळू आवाजात म्हणाले, "आयुष्यभर त्यांनी रूळच पाहिले, उज्ज्वला. आम्हाला नाही पाहिलं. आता घरात परत तेच रूळ कशाला?"

सासूबाई आजारी असताना तुम्ही लाईनवर होतात, भाऊंची दहावीची परीक्षा तुम्हाला तारखेनिशी माहीत नव्हती, हे मी ऐकून आहे. मला तुम्ही म्हातारपणी भेटलात, तेव्हा तुमच्याजवळ वेळ होता. माझ्या वाट्याला आलेले आबा त्यांच्या वाट्याला आले नाहीत. मी एवढंच म्हणाले की भाऊ, तुमचा राग खरा आहे, पण टेबलावरचं अर्धं काम माझं आहे, आणि माझं काम मी मोडणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चाकही काढलं आणि तुमचा रूळही. दोन्ही ठीक होते, आबा. चाक सरळ होतं, रूळ एका पातळीत होता. मग मी पट्टी आडवी धरून खालची फळी तपासली. दोन टेबलं जिथे जोडली जातात तिथे प्लायवूडची कड नखभर वर आली होती. समोर कूलर. उन्हाळा लागल्यावर तुम्हाला वारा लागावा म्हणून मीच तो तिथे ठेवला होता, आणि तुम्ही चारदा बंद करायला सांगितलं तरी चालू ठेवला होता. ओल्या वाऱ्याने लाकूड फुगलं होतं. तुमचं खोटं नव्हतं, माझं खोटं नव्हतं. मी जमिनीवर बसून खूप वेळ रडले, आणि तेरा दिवसांत पहिल्यांदा मला बरं वाटलं.

मग कड रंधा मारून सारखी केली, वार्निशचे दोन हात दिले, कूलर दुसऱ्या खोलीत नेला. शंभर फेऱ्या मोजल्या. एकदाही उडालं नाही.

आणि माणसं केली. हे तुमच्या डोळ्यांदेखत केलं नसतं. पण तुमचा मुद्दा मी सोडून दिला नाही. गाडी आल्यावर न हलणारं माणूस मेलेलं दिसतं, हे खरंच होतं. मी पुन्हा ठेवून पाहिलं तेव्हा मलाही तसंच दिसलं. म्हणून सगळी बसवली. झाडाखाली, टोपलीला टेकून, गाठोड्यावर. ती दुसऱ्या गाडीची वाट बघणारी आहेत, त्यांना या गाडीत चढायचंच नाही. बसलेलं माणूस हललं नाही तरी जिवंत दिसतं. हा वाद मी जिंकले असं मी म्हणते. तुमच्याशिवाय जिंकता आला नसता, हेही म्हणते.

प्रदर्शनाच्या सकाळी टेबलं उचलायला मी शेजाऱ्यांना बोलवायला निघाले, तर हे पाळीवरून येऊन कपडे न बदलता उभे होते. "जड बाजू माझ्याकडे दे," म्हणाले. एवढंच. टेम्पोत मागे पुलाचा भाग मांडीवर धरून बसले.

हॉलवर प्रदर्शनाचे चिटणीस भेटले. भला माणूस, तुमच्याबद्दल वाईट वाटत होतं त्यांना. त्यांनी तुमचा मोठा फोटो आणि हार आणून ठेवला होता आणि तो टेबलावर मधोमध उभा करायचा होता, गाडी बंद ठेवून. श्रद्धांजली म्हणून. मी म्हटलं, फोटो ठेवला तर गाडी कुठून जाईल? ते गोंधळले. मग म्हणाले, चालवायचीच तर जरा जोरात चालवा, मुलं कंटाळतात. मी नाही म्हटलं. पाटी मी घरून लिहून नेली होती. त्यांनी ती वाचली: 'रूळ आणि पूल: नामदेव मुकादम. इंजिन, वीज आणि माणसं: उज्ज्वला.'

"नावाच्या आधी कैलासवासी राहिलं," ते म्हणाले.

"राहू द्या. रूळ त्यांनी जिवंतपणी टाकलेत."

तुमचा फोटो मी आमच्या खुर्चीवर ठेवला, हार न घालता, आणि दोन दिवस उभी राहिले.

मुलं कंटाळली नाहीत, आबा. पहिली फेरी बघून काही पळाली, ते खरं. पण जी थांबली ती खाली वाकून, डोळे रुळांच्या पातळीवर आणून बसली. एका बाईने विचारलं की तुम्ही त्यांच्या कोण. मी म्हटलं, सून. मग पाटीकडे बोट दाखवून म्हटलं, आणि ही मी. मोटर किती व्होल्टची ते मला विचारलं लोकांनी. बारा, मी सांगितलं. किती वेळा सांगितलं, याची गणती नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ आले. धुळ्याहून पहिल्या बसने. मला वाटलं, सगळ्यांसमोर बोलणार. ते टेबलाच्या दुसऱ्या बाजूला हात मागे बांधून उभे राहिले. गाडीकडे बघत नव्हते. स्टेशनाकडे बघत होते. फेरी पूर्ण झाली, दुसरीही. मग झाडाखाली डबा मांडीवर घेऊन बसलेल्या एका बाईकडे त्यांनी बोट केलं.

"आई अशीच बसायची. लाईनवर त्यांचा डबा घेऊन गेली की."

मी तुमच्या घरची ती गोष्ट कधी ऐकली नव्हती. ती बाई मी अशीच केली होती, एक हात रिकामा दिसत होता म्हणून डबा दिला होता. मी तसं सांगितलंही. भाऊंनी मान हलवली. आणखी एक फेरी थांबले, मग बसची वेळ झाली म्हणून निघाले. राग गेला असं मी म्हणणार नाही. जाताना त्यांनी तुमच्या फोटोला नमस्कार केला नाही. खुर्चीचा पाय टेबलाच्या वायरवर आला होता, तो उचलून बाजूला केला.

दुपारी गर्दी ओसरली. तेव्हा एक म्हातारे गृहस्थ आले, पांढरी टोपी, हातात कापडी पिशवी, पाचोऱ्याहून निघालेले. भिका तात्या म्हणून सांगितलं त्यांनी, लाईनवरच्या तुमच्या गँगमधले. पेपरात वाचलं होतं म्हणाले, धुळ्याच्या वेळचं, तेव्हा येणं झालं नाही. त्यांनी टेबलाभोवती एक पूर्ण चक्कर मारली, चालण्याची तीच तुमची पद्धत, मान खाली, प्रत्येक जोडाशी पाऊल थोडं थांबणारं. वळणापाशी वाकून बाहेरच्या रुळाची उंची बघितली आणि हसले. मग सरळ होऊन मला विचारलं, "मुकादम कोठे शेत?"

त्यांना माहीत नव्हतं. मी बटण मागे घेतलं, गाडी पुलावर थांबली. इतक्या दिवसांत मी तुमच्याबद्दल सगळ्यांशी शुद्ध मराठीत बोलले होते. त्यांच्याशी जमलं नाही.

"आबा गयात, तात्या. तेवीस दिन व्हयनात."

त्यांनी टोपी काढली. टेबलाच्या कडेला हात टेकला. मी त्यांना पाणी दिलं, ते त्यांनी तसंच खाली ठेवलं.

"मंग आते गाडी कोन चालाडस?"

"मी चालाडस."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पाटीकडे पाहिलं, मग पुलावर थांबलेल्या इंजिनाकडे. टोपी पुन्हा डोक्यावर नीट बसवली.

"मंग उभी कसाले ठेवेल शे?"

मी बटण फिरवलं.